रोझीज वॉक: कोल्ह्याचं नावही न घेता

पॅट हचिन्स यांचं ‘रोझीज वॉक’ हे मुलांचं इंग्रजी चित्रपुस्तक १९६८ सालचं. शब्द अवघे ३२, तेही एकाच वाक्यात. रोझी कोंबडी फेरफटका मारून जेवणाच्या वेळेला खुराड्यात परत येते, एवढंच मजकुरात आहे. मागे लागलेला कोल्हा फक्त चित्रांत दिसतो. तो झेपावतो, दाताळ्यावर पाय पडतो आणि दांडा थेट नाकावर. मग तळं, मग गवताची गंजी. गिरणीपाशी रोझीच्या पायात दोरी अडकते आणि पिठाचं पोतं कोल्ह्यावर रिकामं होतं. पुढे तो गाडीत पडतो, गाडी मधमाश्यांच्या पेट्यांवर आदळते. बाईसाहेबांना कशाचा पत्ता नाही!

गंमत पान उलटण्यात आहे. एका पानावर झेप, पुढच्या शब्दहीन पानावर फजिती. म्हणून झेपेच्या पानावर थांबा, मुलाला दाताळं शोधू द्या, मगच उलटा. मोठी माणसं चुकतात ती इथेच: “बघ, कोल्हा आला!” म्हणून मोकळी होतात आणि विनोद मरतो. मजकूर सपाट आवाजात वाचावा, ओरडायचं काम पोरांचं.

नारिंगी-पिवळ्या चित्रांतली पिसांची, पानांची नक्षी सुरेख आहे, पण गर्दीची. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला दाताळं पटकन सापडत नाही. तीन ते पाच हे वय बरोबर. लहानग्यासाठी जाड पुठ्ठ्याची आवृत्ती घ्या, कारण पानं मागे-पुढे फार उलटली जातात.