ईजबेल आणि हेरोदिया: दोन राण्या, दोन पद्धती

बायबलमधल्या या दोघींच्या वाट्याला दुबळा राजा आणि निर्भीड संदेष्टा (देवाचा संदेश सांगणारा) आला. ईजबेलसमोर एलीया, हेरोदियासमोर बाप्तिस्मा करणारा योहान. पण दोघींच्या गुन्ह्याची रीत वेगळी आहे.

ईजबेल कायदाच वाकवते (बायबलमधले १ राजे हे पुस्तक, अध्याय २१). तिचा नवरा राजा अहाब याला नाबोथ नावाचा माणूस आपला वडिलोपार्जित द्राक्षमळा विकत नाही, म्हणून ती अहाबच्या नावाने पत्रे लिहिते, त्याची मोहर लावते, नाबोथच्या गावच्या, इज्रेलच्या वडीलधाऱ्यांना उपवास जाहीर करायला लावते आणि दोन खोटे साक्षीदार उभे करते. दोनच का? नियमशास्त्रात (मोशेच्या कायद्यात) मृत्युदंडाला किमान दोन साक्षीदार लागतात. कागदोपत्री सगळे चोख, आणि नाबोथ दगडमारात मेला. खरी चीड येते ती निमूट सही-शिक्का पाळणाऱ्या वडीलधाऱ्यांची. अनेकदा होते तसे ईजबेलला केवळ मोहिनी घालणारी बाई ठरवले की हा सगळा मुद्दा हातचा जातो.

हेरोदियाच्या हाती मोहर नाही (मार्कचे शुभवर्तमान, अध्याय ६). गालीलचा शासक हेरोद अंतिपा याच्याशी तिचा विवाह अवैध आहे, कारण ती त्याच्या भावाची बायको होती, असे योहान सांगतो. हेरोद त्याला कैद करतो, पण मारायला कचरतो. ती संधीची वाट पाहते: वाढदिवसाची मेजवानी, मुलीचा नाच, ती मागेल ते देण्याची हेरोदची पाहुण्यांसमोरची शपथ. आईच्या सांगण्यावरून मुलगी योहानाचे शिर मागते. शब्द मोडला तर लाज जाईल, या भीतीने हेरोद शिरच्छेदाचा हुकूम देतो. दोष त्याचाही तितकाच.

इतिहासकार जोसेफस मात्र योहानाच्या वधाचे कारण हेरोदला वाटलेली बंडाची धास्ती असे देतो. पुढे हेरोदला हद्दपार केले, तेव्हा सूट मिळत असूनही हेरोदिया पतीसोबत गेली, हेही तोच नोंदवतो.