जेआरएफ, इन्स्पायर की पीएमआरएफ?

एम.एस्सी.चा निकाल लागला की लॅबच्या दारात ज्युनियर हाच प्रश्न घेऊन उभे: पीएचडीसाठी यातली कुठली फेलोशिप घ्यायची? आधी पैशांचं बघू. जेआरएफला, म्हणजे नेट या राष्ट्रीय परीक्षेतून मिळणाऱ्या ज्युनियर रिसर्च फेलोशिपला, पहिली दोन वर्षं महिना 37,000, मग समितीपुढे काम मांडून एसआरएफ (सीनियर फेलो) झालात की 42,000. हे दर 1 जानेवारी 2023 पासूनचे. पाच वर्षांचे होतात 24 लाख. पीएमआरएफचे, म्हणजे पंतप्रधान रिसर्च फेलोशिपचे, 2018 च्या मूळ योजनेप्रमाणे पहिली दोन वर्षं 70,000, तिसऱ्या वर्षी 75,000, पुढे 80,000 म्हणजे एकूण 45 लाख. शिवाय संशोधनासाठी वर्षाला 2 लाख वेगळे. सीएसआयआरच्या (विज्ञान विषयांच्या) जेआरएफची कंटिन्जन्सी, म्हणजे संशोधनाच्या किरकोळ खर्चाची रक्कम, वर्षाला 20,000. जीवशास्त्रवाल्यांनी एक चांगली अँटिबॉडी मागवली की संपली.

मग विचार कसला करायचा? तर पीएमआरएफ संस्थेला बांधलेली आहे. आयआयटी, आयआयएससी, आयसर आणि अशाच मोजक्या ठिकाणी. तुम्हाला हवा तो गाइड राज्य विद्यापीठात असेल तर ती तुमच्या कामाची नाही. शिवाय आठवड्यातून एकदा जवळच्या कॉलेजात किंवा पॉलिटेक्निकमध्ये शिकवावं लागतं. काहींना ते आवडतं. मला तो अर्धा दिवस जीवावर आला असता.

जेआरएफ तुमच्यासोबत चालते. सावित्रीबाई फुले विद्यापीठ, कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (एनसीएल), कुठंही घेऊन जा. स्वतःचा पगार घेऊन येणारा विद्यार्थी कुठल्या गाइडला नको असतो? हॉस्टेल मिळालं नाही तर घरभाडं भत्ताही मिळतो. पुण्यात पाषाणला खोली घेऊन राहणाऱ्याला त्याची किंमत विचारा. आणि फेलोशिप सोडलीत तरी सहायक प्राध्यापकाची पात्रता तुमच्याकडे राहते.

म्हणून माझं मत: नेट द्याच, पीएमआरएफ डोळ्यांसमोर असली तरी. मूळ योजनेत आयआयटीत प्रवेश घेऊन, पहिल्या वर्षाचे ग्रेड चांगले आणून लॅटरल एंट्रीने, म्हणजे पीएचडी सुरू असतानाच, पीएमआरएफसाठी अर्ज करता यायचा. तोवर जेआरएफवर घर चालतं. नियम मात्र त्या वर्षीचेच वाचा, सिनियरने सांगितलेले नाही. माझेही नाहीत.

इन्स्पायर ही केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची फेलोशिप, विद्यापीठात पहिल्या आलेल्यांसाठी. रक्कम जेआरएफएवढीच, पण नेटची गरज नाही. पहिला नंबर असेल तर अर्ज करून टाका, त्यात फार डोकं खाजवण्यासारखं काही नाही. यातलं काहीच जमलं नाही तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. तिथे पीएचडीची नोंदणी आधी झालेली लागते, आणि तुमच्या प्रवर्गाला कुठली संस्था ते बघून घ्या.

कुठलीही घेतलीत तरी चार महिन्यांचं भाडं गाठीशी ठेवा. माझा जॉइनिंग रिपोर्ट एका सहीसाठी कुणाच्या तरी टेबलावर पडून राहिला आणि पहिला हप्ता पाचव्या महिन्यात आला. तोवरचं भाडं आईने भरलं. मेसवाल्या काकांची उधारी मात्र माझ्याच नावावर होती.