पुण्यातलं गल्लीतलं इटालियन की सोलापुरातला पास्ता?

मुलीचा निकाल लागला, लग्नाचा वाढदिवस आला, की सोलापूरच्या घरांतही हल्ली 'इटालियन खाऊ' असं ठरतं. मग प्रश्न येतो तो जागेचा. होटगी रोडला किंवा जुळे सोलापुरात एखाद्या कॅफेत जावं, की पुण्याला जाणं होणारच आहे तर औंध, कोरेगाव पार्ककडच्या गल्लीतलं मोजक्या टेबलांचं छोटं इटालियन हॉटेल गाठावं?

आधी ताटात काय येतं ते पाहू. आपल्याकडं पास्ता रंगानं मागवतात: व्हाइट, रेड, पिंक. पेने, म्हणजे नळीसारखा पास्ता, आधीच उकडून ठेवलेला असतो. व्हाइटची ऑर्डर आली की तो मैदा, लोणी, दुधाच्या सॉसमध्ये ढवळायचा, वर मक्याचे दाणे आणि भरपूर चीज. गरम, मऊ, पोटभर. मुलं चाटूनपुसून खातात, आणि त्यात काही कमीपणा नाही. पुण्यातल्या त्या छोट्या जागी मेन्यू कार्ड जेमतेम दोन पानांचं. पास्ता 'अल् देन्ते', म्हणजे चावताना आत किंचित कणी लागेल असा; सॉस तर नुसता लपेटण्यापुरता. पहिल्यांदा खाणाऱ्याला तो कच्चा वाटतो. परत पाठवू नका, चार घास सावकाश खा. खऱ्या कार्बोनारा पास्त्यात साय नसते. अंडं, पेकोरिनो हे मेंढीच्या दुधाचं चीज, डुकराच्या गालाचं मांस आणि मिरी एवढंच. मला विचाराल तर आपल्या लोकांनी सुरुवात 'आलिओ ए ओलिओ' या पास्त्यानं करावी. लसूण, ऑलिव्ह तेल आणि लाल मिरची. शेंगा चटणीवर वाढलेल्या जिभेला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही.

सगळ्यात मोठा फरक पिझ्झात. नेपल्सच्या पद्धतीचा पिझ्झा लाकडाच्या भट्टीत, साधारण 485 अंश सेल्सिअसला, 60 ते 90 सेकंदांत भाजतात. काठ फुगतो, त्यावर काळे डाग पडतात, मधला भाग ओलसर राहतो. पिझ्झा करण्याच्या या कलेला 2017 साली युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. हा पिझ्झा टेबलावर आल्या आल्या खायचा, पार्सल नेलात तर वाया गेला. सोलापुरातला जाड बेसचा, ढोबळी मिरची-कांद्याचा पिझ्झा मात्र घरी नेऊनही चांगला लागतो.

आता शाकाहाराचं. हे मी मुद्दाम सविस्तर सांगतोय, कारण आपल्याकडं कितीतरी घरांत तो श्रद्धेचा विषय आहे. अस्सल पार्मेजान चीजसाठी दूध वासराच्या जठरातल्या रेनेट या पाचक द्रव्यानं साकळवतात, पेकोरिनो रोमानोसाठी कोकराच्या. त्यामुळं असं चीज घातलेला, मांसाचा तुकडा नसलेला पेस्तो (बेसिलच्या पानांची चटणी) किंवा रिसोत्तो (मऊसर इटालियन भात) हाही कडक शाकाहाऱ्याला चालेलच असं नाही. ताज्या पास्त्यात बहुधा अंडं असतं. तिरामिसू या गोड पदार्थात अंड्याचा बलक, रिसोत्तोत वाइन. छोट्या जागेचा फायदा असा, की स्वयंपाक करणारा माणूस हाकेवर असतो. चीज कुठलं, अंडं आहे का, हे सरळ विचारता येतं. काही जण हिरव्या ठिपक्याचं भारतीय चीजही वापरतात. तरी आजी-आजोबा किंवा कांदा-लसूण न खाणारे पाहुणे बरोबर असतील तर सोलापुरातलं शुद्ध शाकाहारी हॉटेलच बरं. व्हाइट सॉस लसणाशिवाय जमतो. आलिओ ए ओलिओमधून लसूण काढला तर उरलं काय?

माणसं किती, यावरही बरंच ठरतं. दोघं-चौघं असाल, निवांत गप्पा मारायच्या असतील, तर पुण्यातली छोटी जागा. दहा जण आणि धावणारी पोरं असतील तर तिथं तुम्हालाही अवघडल्यासारखं होईल आणि शेजारच्या टेबलालाही.

नुसत्या पास्त्यासाठी अडीचशे किलोमीटर जाऊ नका. मुलाला भेटायला किंवा कामाला जाणार असाल तर दुपारचं जेवण धरा. सोलापूरला परतणारी हुतात्मा एक्स्प्रेस संध्याकाळी सहाच्या सुमारास पुण्याहून सुटते, त्यामुळं तिनं यायचं तर रात्रीचं जेवण जमत नाही. अशी बरीच हॉटेलं दुपारी तीननंतर स्वयंपाकघर बंद ठेवतात. साडेबाराचं टेबल आधी फोन करून सांगून ठेवा. रिसोत्तो हवा असेल तर बसल्या बसल्या ऑर्डर द्या, कच्च्या तांदळापासून तो व्हायला वीसेक मिनिटं लागतात.

बिल पुण्यात जास्त येणार आणि ताटलीत पदार्थ कमी दिसणार. बाहेरून येणारं चीज आणि तेल महाग पडतं. सर्व्हिस चार्ज लावला असेल तर तो देणं ऐच्छिक आहे, नको असल्यास काढायला सांगा.

पहिल्याच वेळी चौघं जात असाल तर प्रत्येकानं वेगळी डिश घेऊन बसू नये. एक मार्गेरिता पिझ्झा आणि दोन पास्ते मध्ये ठेवून वाटून खा. भूक उरली तर आणखी मागवता येतं.