गेटवर चेहरा की कार्ड?

कोथरूडच्या एका सोसायटीची कमिटी या प्रश्नावर अडली आहे. सचिवांनी मत विचारलं, म्हणून हे लिहितोय.

सोयीत चेहरा ओळखणारं यंत्र सरस. दोन्ही हातांत पिशव्या असल्या तरी दार उघडतं. कार्ड मात्र घरी राहतं, हरवतं.

पण माहिती फुटली तर? माझ्या मते खरा निर्णय इथेच आहे. हरवलेलं कार्ड रद्द करून नवं देता येतं, चेहरा बदलून मिळत नाही. युरोपचा जीडीपीआर हा माहिती संरक्षण कायदा ओळख पटवणाऱ्या बायोमेट्रिक (चेहरा, बोटांचे ठसे अशा शारीरिक) माहितीला जास्त संरक्षणाच्या विशेष वर्गात ठेवतो. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात असा वेगळा वर्ग नाही. माहितीच्या सुरक्षेत कुचराई झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद मात्र आहे.

हाच कायदा म्हणतो, संमती मोकळेपणाने दिलेली हवी आणि ती मागे घेणंही देण्याइतकंच सोपं हवं. घरकामाच्या मावशींना ‘चेहरा नोंदवा, नाहीतर येऊ नका’ असं सांगितलं, तर ती संमती कसली?

मावशी, डिलिव्हरीवाले, भाडेकरू यांची रोजची वर्दळ असेल, तर कार्डच घ्या. चेहरा फक्त स्वेच्छेने तयार असलेल्या रहिवाशांसाठी ठेवा, आणि घर सोडणाऱ्याची नोंद लगेच पुसा.