अग्निशमन दलात जायचंय? कोर्सची फी भरण्याआधी भरतीची जाहिरात वाचा

दहावी-बारावी झालेली मुलं फायरचा कोर्स शोधायला लागली की पहिली गाठ पडते ती खासगी संस्थेच्या 'फायर अँड सेफ्टी' डिप्लोम्याशी. सरकारी केंद्रांची नावं नंतर कळतात. तोवर काहींची वयोमर्यादा उलटलेली असते, आणि हे पाहून खरंच वाईट वाटतं. म्हणून आधी ठरवा, नोकरी कुठे हवी? महापालिकेत, तेल कंपनीत, विमानतळावर की आखातात? प्रत्येक ठिकाणी वेगळा कागद चालतो.

महापालिका किंवा नगरपालिकेच्या दलात जवान व्हायचं असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: मुंबईत कालिन्याला मुख्यालय असलेल्या राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा अग्निशामक पाठ्यक्रम. पुण्यासह बहुतेक महापालिकांच्या जाहिरातींत याच पाठ्यक्रमाचं नाव पात्रतेत लिहिलेलं असतं, जोडीला एमएस-सीआयटी. प्रवेशासाठी अलीकडच्या अटी अशा: दहावीला ५० टक्के, वय १८ ते २३, पुरुषांसाठी उंची १६५ सेंटिमीटर, वजन ५० किलो. राखीव प्रवर्गांना सवलत असते. यातली वयाची अट सगळ्यात घातक. पदवी पूर्ण करून मग बघू, असं म्हणणारा मुलगा तेवीस ओलांडतो आणि हा दरवाजा बंद होतो.

या सहा महिन्यांत काय मिळतं, ते खासगी वर्गाशी ताडून पाहा. होज म्हणजे पाण्याचा पाइप पसरणं आणि गुंडाळणं, शिडीची ड्रिल, गाठी, पंप चालवणं, धुरात श्वास घेण्याचं उपकरण (ब्रीदिंग अपरेटस) लावून काम करणं, माणूस खांद्यावर घेऊन उतरवणं, हे सगळं अंगात मुरेपर्यंत रोज करून घेतात. आगीची वर्दी आल्यावर विचार करायला वेळ नसतो, तेव्हा हीच सवय जवानाचा आणि आत अडकलेल्या माणसाचा जीव वाचवते. ज्या संस्थेकडे मैदान नाही, पंप नाही, पाण्याची टाकी नाही, ती हे कुठे शिकवणार?

मुंबईचं गणित मात्र निराळं. मुंबई अग्निशमन दल स्वतःच्या जवानांना स्वतःच घडवतं. २०२३ मध्ये ९१० जागांची भरती झाली तेव्हा बारावीला ५० टक्के हवे होते. कोर्सची अट नव्हती. पण पुरुषांना उंची १७२ सेंटिमीटर लागत होती, आठशे मीटर धावणं होतं आणि १९ फुटांवरून उडी. तेव्हा मुंबईच डोळ्यांसमोर असेल तर फीचे पैसे वाचवा आणि मैदानावर जा. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाची अग्निशमन शाखा आणि विमानतळ प्राधिकरणही निवड झाल्यावर आपल्याच केंद्रात शिकवतात. प्राधिकरणासाठी वाहन परवाना मात्र लवकर काढून ठेवा.

पदवीधरांपुढे दोन वाटा आहेत. राज्य केंद्राचा उपस्थानक अधिकारी व अग्निप्रतिबंध अधिकारी पाठ्यक्रम एक वर्षाचा. पदवीला ५० टक्के आणि वय १८ ते २५. दुसरी वाट नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयाचा सब-ऑफिसर कोर्स. हे महाविद्यालय केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येतं. १९५६ मध्ये रामपूरला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी नागपूरला आलं. महापालिकेच्या अधिकारी पदांसाठी बहुतेकदा दोन्ही चालतात. महाराष्ट्रातच राहायचं असेल तर राज्याचा कोर्स पुरेसा आहे. त्यात इमारतींच्या अग्निप्रतिबंधाचा भागही येतो. राज्याबाहेर किंवा सार्वजनिक उपक्रमांत जायची इच्छा असेल तर नागपूरचं पारडं निःसंशय जड.

बारावी विज्ञान नुकतीच झाली असेल आणि गणित चांगलं असेल, तर नागपूरची चार वर्षांची फायर इंजिनिअरिंगची पदवी या सगळ्यांत वरचढ. देशभरच्या तेल आणि वायू कंपन्या फायर ऑफिसर घेताना ही पदवी मागतात. तिथून पदवी घेणाऱ्या पहिल्या महिला हर्षिनी कान्हेकर पुढे ओएनजीसीत अधिकारी झाल्या. घरी मुलगी आहे म्हणून हा पर्याय बाजूला सारू नका.

खासगी डिप्लोमा पूर्णपणे वाया जातो असं नाही. राज्याच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यामुळे इमारतीतली यंत्रणा चालू असल्याचा फॉर्म बी दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून द्यावा लागतो. त्यामुळे अशा एजन्सी, मॉल, रुग्णालयं, गोदामं इथे माणसं लागतात. सुरुवात इथून होऊ शकते. मात्र या कागदावर महापालिकेत जवान होता येईल, असं कुणी सांगितलं तर त्या महापालिकेची मागची जाहिरात काढून दाखवायला सांगा.

कारखान्यात सेफ्टी ऑफिसर व्हायचं असेल तर त्या डिप्लोम्याऐवजी औद्योगिक सुरक्षेचा अॅडव्हान्स डिप्लोमा बघा. तंत्रशिक्षण मंडळाचा किंवा शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेचा. आखातातल्या कंपन्या नेबॉश या ब्रिटिश संस्थेचं प्रमाणपत्र विचारतात, पण ते सुरक्षा व्यवस्थापनाचं आहे; त्यात होज हातात येत नाही. एनएफपीए या अमेरिकी अग्निसुरक्षा संस्थेचं सीएफपीएस हे तज्ज्ञाचं प्रमाणपत्र तर अनुभव गाठीशी आल्यावरच घ्यावं, आणि ते दर तीन वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं.

वय तेवीसच्या आत असेल तर राज्य केंद्राच्या प्रवेशाची जाहिरात कधी येते यावर आजपासून लक्ष ठेवा, आणि तोवर रोज धावा.