डेकच्या पट्ट्यांमागे काय आहे ते पैसे देण्याआधी बघा

न्यू जर्सीत घर असलेल्या आणि डेकखालची (घराला जोडलेल्या लाकडी ओट्याखालची) मोडकी लॅटिस, म्हणजे पट्ट्यांची जाळी, काढून काहीतरी देखणं लावायचा विचार करणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. आम्हाला एका कॉन्ट्रॅक्टरने फसवलं. त्याची पद्धत इतकी सोपी आहे की येत्या उन्हाळ्यात असाच कुणीतरी तुमच्याही दारात उभा राहील.

आमचा डेक जमिनीपासून जेमतेम तीन फूट उंच. खाली तिरप्या पट्ट्यांची पांढरी जाळी होती, ती जागोजागी फुटलेली, आणि आत ग्राउंडहॉगने (खारीच्या कुळातला, बीळ करून राहणारा प्राणी) बीळ केलेलं. हा प्राणी दिसायला गोंडस, पण डेकच्या खांबांजवळची माती उपसत राहतो. त्याने सोडलेल्या बिळात पुढे स्कंक, म्हणजे दुर्गंधी फवारणारा प्राणीही राहायला येतो.

कॉन्ट्रॅक्टरला विषय येत होता, हे मुद्दाम सांगते. त्याने सगळे पर्याय नीट समजावले. आडव्या पट्ट्या, मध्ये थोडी फट ठेवून: दिसायला आधुनिक आणि हवाही खेळती राहते. लाकूड नको असेल तर कंपोझिट (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेलं) किंवा पीव्हीसी, रंगवायची कटकट नाही. पन्हाळीचा पत्रा, दगडासारखे दिसणारे पॅनेल, नाहीतर सरळ झुडपांची रांग. झुडपं लावायची तर आर्बरव्हिटी नको, हरणं हिवाळ्यात ओरबाडून खातात. बॉक्सवुड किंवा इंकबेरी बरी. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

आम्ही कंपोझिटच्या आडव्या पट्ट्या निवडल्या. ठरलेली रक्कम ४,८०० डॉलर, अर्धी आधी. कोटेशनमध्ये तीन गोष्टी स्पष्ट लिहिल्या होत्या. पट्ट्यांमागचा सांगाडा जमिनीलगत टिकणाऱ्या ट्रीटेड, म्हणजे कुजू नये म्हणून रसायन मुरवलेल्या, लाकडाचा. त्यामागे अर्ध्या इंचाच्या चौकोनी भोकांची गॅल्वनाइज्ड जाळी, एक फूट जमिनीत पुरून तळाशी बाहेरच्या बाजूला वळवलेली, म्हणजे उकरणारं जनावर तिथे अडतं. आणि आत जायला एक उघडणारं पॅनेल.

काम झालं तेव्हा डेक खरंच सुंदर दिसत होता. आम्ही उरलेले पैसे दिले.

वसंतात पट्ट्यांवरून गंजाचे ओघळ उतरायला लागले आणि ग्राउंडहॉग पुन्हा हजर. दुसऱ्या एका सुताराला बोलावून दोन पट्ट्या काढून घेतल्या. मागे साधं, ट्रीट न केलेलं पाइन, थेट मातीला टेकलेलं. ओलाव्याने खालून काळं पडलेलं, म्हणजे वाळवीला दिलेलं आमंत्रणच. जाळी होती ती कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली पातळ, सांगाड्याला स्टेपल मारून अडकवलेली. जमिनीत एक इंचही गेलेली नव्हती. स्क्रू घरातल्या कामाचे. पट्ट्यांमधल्या फटी समोरच्या बाजूला होत्या, कडेच्या बाजूंना पट्ट्या एकमेकींना भिडवून टाकलेल्या, त्यामुळे आतली हवा कोंडून जॉइस्टवर, म्हणजे डेकखालच्या आडव्या तुळयांवर, बुरशी धरली होती. उघडणारं पॅनेलही स्क्रूने कायमचं बंद केलेलं.

ज्या ज्या गोष्टी त्याने आम्हाला बरोबर शिकवल्या, नेमक्या त्याच त्याने गाळल्या, कारण त्या पट्ट्यांच्या आड जातात. अडाणी कारागिराची चूक मी समजून घेतली असती. इथे कुठे काय दिसणार नाही याचा हिशेब करून पैसे खाल्ले गेले, आणि त्याचा मला आजही संताप येतो.

म्हणून बाहेरच्या पट्ट्यांचा रंग निवडण्यात जेवढा वेळ घालवाल, त्याहून जास्त वेळ त्या लागायच्या आधल्या दिवशी तिथे घालवा. ट्रीटेड लाकडाच्या टोकाला छोटी पट्टी स्टेपल केलेली असते, तिच्यावर ‘ग्राउंड कॉन्टॅक्ट’ किंवा यूसी४ए असं लिहिलेलं हवं. यूसी३बी असेल तर ते जमिनीपासून वर वापरायचं लाकूड. स्क्रू हॉट-डिप गॅल्वनाइज्ड किंवा स्टेनलेस हवेत, कारण ट्रीटमेंटमधलं तांबं साधे स्क्रू खातं. जाळी पुरलेल्या चराचे, माती लोटण्याआधीचे फोटो मागा आणि पैशांचा एक हप्ता ते फोटो मिळेपर्यंत अडवून ठेवा. आणखी एक खूण: खणण्याआधी ८११ ला फोन केला की गॅस, वीज, पाण्याच्या लाइन जमिनीवर रंगाने आखून जातात, तेही फुकट. आमच्या गवतावर कधीच पिवळी, लाल किंवा निळी रेघ उमटली नाही.

कायदा इथे ग्राहकाच्या बाजूने आहे, तो वापरा. न्यू जर्सीत घरदुरुस्तीच्या कॉन्ट्रॅक्टरला राज्याच्या कन्झ्युमर अफेअर्स विभागाकडे नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक १३व्हीएच ने सुरू होतो आणि विभागाच्या वेबसाइटवर तपासता येतो. आमच्या कागदावरचा क्रमांक, नंतर कळलं, भलत्याच व्यवसायाचा निघाला. ५०० डॉलरवरच्या कामाचा करार लेखी हवा, आणि त्याची प्रत हातात आल्यावर कामकाजाच्या तीन दिवसांत तो रद्द करता येतो. ग्राहक फसवणूक कायद्यात सिद्ध झालेल्या नुकसानीच्या तिप्पट भरपाईची तरतूद आहे. स्मॉल क्लेम्सची, म्हणजे छोट्या दाव्यांच्या कोर्टाची, मर्यादा ५,००० डॉलर. तिप्पट धरली की आमची रक्कम त्यावर जात होती, म्हणून आम्ही २०,००० पर्यंतचे दावे चालतात त्या कोर्टाच्या स्पेशल सिव्हिल पार्ट या विभागात गेलो. सुताराने काढलेले फोटो आणि त्याचं लेखी मत तिथे फार उपयोगी पडलं.

कॉन्ट्रॅक्टर सुनावणीला आलाच नाही. निकाल आमच्या बाजूने लागला, वसुली अजून चालू आहे. दरम्यान दुसऱ्या सुताराने सगळा सांगाडा बदलला, जाळी पुरली, आणि खाली जमिनीशी थोडी फट ठेवली, म्हणजे थंडीत माती गोठून फुगली तरी पट्ट्या वर ढकलल्या जात नाहीत. त्याच्याशी केलेल्या कराराची कलमं, हप्ते आणि फोटोंच्या अटीसकट, मी जपून ठेवली आहेत. कुणाला नमुना हवा असेल तर कळवा, पाठवते.