इफ-एल्स शिकण्यासाठी पहिली भाषा: स्क्रॅच, पायथन की सी?

अट खरी असेल तर हे करा, नाहीतर ते करा. प्रोग्रामिंगमधील इफ-एल्सची ही रचना वाचताना कोणालाच अवघड जात नाही. अवघड जाते ते दोन शाखांपैकी एक शाखा नक्की चालणार आणि एकच चालणार, हे मनात पक्के बसणे. त्यामुळे पहिली भाषा निवडताना कोणती भाषा सोपी आहे हे विचारण्यापेक्षा, ही गोष्ट कोणती भाषा स्पष्ट दाखवते आणि नवशिक्याची चूक कोणती भाषा झाकून ठेवते, हे पाहणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

एकच उदाहरण तिन्ही भाषांसाठी पुरेल. दिलेली संख्या 10 पेक्षा मोठी असेल तर तिच्यातून 10 वजा करायचे आहेत, नाहीतर तिच्यात 10 मिळवायचे आहेत. नवशिका पुष्कळदा एल्स न वापरता दोन स्वतंत्र इफ लिहितो: पहिल्यात '10 पेक्षा मोठी', दुसऱ्यात '10 किंवा त्याहून लहान'. 7 दिल्यास 17 आणि 25 दिल्यास 15 अशी बरोबर उत्तरे येतात, त्यामुळे प्रोग्राम पूर्ण झाला असे त्याला वाटते. 15 देऊन पाहिल्यास मात्र पहिला इफ संख्या 5 करतो, दुसरी अट त्या बदललेल्या 5 वर तपासली जाते, ती खरी ठरते आणि उत्तर पुन्हा 15 येते, जणू काही घडलेच नाही. पूर्णांकांपुरते पाहिले तर ही चूक केवळ 11 ते 20 या संख्यांवर उघडी पडते. एल्स लिहिला असता तर अट एकदाच तपासली गेली असती आणि उत्तर 5 आले असते.

एमआयटी मीडिया लॅबने 2007 मध्ये सर्वांसाठी खुल्या केलेल्या, ब्लॉक म्हणजे चित्रमय ठोकळे जोडून प्रोग्राम बनवण्याच्या स्क्रॅचमध्ये हा फरक आकारातच दिसतो. साध्या इफच्या ब्लॉकला एक खाच असते, तर इफ-एल्सच्या ब्लॉकला एकाखाली एक अशा दोन खाचा असतात, आणि दोन्ही खाचा एकाच अटीला बांधलेल्या आहेत हे लहान मुलालाही सांगावे लागत नाही. शिवाय तुलनेसाठी तेथे लहान, मोठे आणि बरोबर एवढेच तीन ब्लॉक आहेत. 'लहान किंवा बरोबर' असा तयार ब्लॉक नसल्यामुळे दुसरी अट वेगळी लिहिणे जिकिरीचे होते आणि शिकणारा आपोआप एल्सकडे वळतो. एक गोष्ट मात्र जपावी: अटीची षटकोनी जागा रिकामी राहिली तरी स्क्रॅच तक्रार करत नाही, ती अट खोटी धरतो आणि एल्सची शाखा चालवतो. दहा-बारा वर्षांच्या आतील मुलांसाठी मी स्क्रॅचच सुचवेन. मोठ्या माणसाने त्यात फार काळ रेंगाळण्याचे कारण नाही.

1991 मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या पायथनचे मोठे बळ म्हणजे डोळ्यांना जे दिसते तेच चालते. इफखाली किती ओळी येतात हे इंडेंटेशनवरूनच, म्हणजे ओळीच्या सुरुवातीला सोडलेल्या जागेवरूनच ठरते, त्यामुळे रचनेचा देखावा आणि तिचा अर्थ यांत फारकत होत नाही. अटीत तुलनेच्या दुहेरी (==) ऐवजी एकेरी (=) बरोबर चिन्ह लिहिले तर प्रोग्राम सुरूच होत नाही, आणि 10 < क < 20 ही अट गणितात वाचावी तशीच वाचली जाते. तरीही दोन ठिकाणी पायथन गप्प राहतो. वापरकर्त्याने टाईप केलेला 10 हा मजकूर असतो, अंक नव्हे. त्याची 'पेक्षा मोठा' अशी तुलना अंकाशी केल्यास त्रुटी येते, पण 'बरोबर' अशी तुलना केल्यास काहीही न सांगता अट खोटी ठरते आणि एल्स चालतो. दुसरी जागा याहून फसवी आहे. लूपच्या, म्हणजे त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या रचनेच्या, शेवटी असलेल्या इफचा एल्स चुकून डावीकडे सरकून थेट लूप सुरू करणाऱ्या 'फॉर'च्या रेषेत आला, तर ती चूक मानली जात नाही. तो एल्स लूपचा होतो आणि लूप 'ब्रेक' (मध्येच थांबवणारी आज्ञा) न लागता संपल्यावरच चालतो. असे असूनही, स्वतः शिकणाऱ्या प्रौढ व्यक्तीला मी निःशंकपणे पायथनच सांगेन, कारण या दोन जागा एकदा दाखवून दिल्या की लक्षात राहतात.

सीमध्ये दाखवून द्यायच्या जागा पुष्कळ आहेत. अटीत क = 5 लिहिले तर तुलना होत नाही, क मध्ये 5 भरले जातात, आणि शून्य नसलेली किंमत खरी मानली जात असल्यामुळे एल्स कधीच चालत नाही. 10 < क < 20 या अटीत आधी 10 < क याचे उत्तर 0 किंवा 1 येते, ते 20 पेक्षा लहानच असते, म्हणून अट नेहमी खरी ठरते. इफच्या कंसानंतर चुकून अर्धविराम पडला तर अट तेथेच संपते. एकात एक असे दोन इफ आणि महिरपी कंसांशिवाय एकच एल्स असेल, तर तो इंडेंटेशन कसेही असले तरी जवळच्या, म्हणजे आतल्या इफला जोडला जातो.

या चुका केवळ नवशिक्यांच्या नाहीत. फेब्रुवारी 2014 मध्ये ॲपलने आपल्या उपकरणांतील सुरक्षित जोडणीचा एक गंभीर दोष दुरुस्त केला. त्याच्या मुळाशी महिरपी कंस नसलेला एक इफ होता, ज्याखाली 'गोटू फेल' ('फेल' या जागी उडी मार) ही ओळ दोनदा आली होती. दुसरी ओळ आतल्या रेषेत दिसत असली तरी अटीच्या बाहेर होती, त्यामुळे ती दर वेळी चालत होती आणि सहीची पुढची तपासणी होतच नव्हती.

अभ्यासक्रमात सी सक्तीची असेल तर निवडीचा प्रश्न उरत नाही, पण शिकण्याची पद्धत तुमच्या हातात राहते. एका ओळीच्या शाखेलाही महिरपी कंस घालावेत. जीसीसी हा कंपायलर (सीचा प्रोग्राम यंत्राच्या भाषेत बदलणारे साधन) वापरताना सर्व प्रमुख इशारे देणारा 'वॉल' (-Wall) हा पर्याय पहिल्या दिवसापासून चालू ठेवावा, कारण अटीतील एकेरी बरोबर चिन्हाबद्दल तो सावध करतो आणि 2016 मधील सहाव्या आवृत्तीपासून दिशाभूल करणाऱ्या इंडेंटेशनबद्दलही सांगतो. सक्ती नसेल आणि हार्डवेअरच्या जवळचे काम करायचे म्हणून सी हवी असेल, तर आधी पायथनमध्ये इफ-एल्स पक्के करून मग सीकडे जावे. वरील उदाहरण दोन्ही भाषांत लिहून त्यात 10, 11, 20 आणि 21 या सीमेवरच्या संख्या देऊन पाहाव्यात, आणि प्रत्येक वेळी कोणती शाखा चालणार हे प्रोग्राम चालवण्याआधी कागदावर लिहून ठेवावे.